भोकांचे झाड आणि त्यातले घर : एकॉर्न सुतार पक्ष्याच्या निरीक्षणाविषयी

आपल्या पत्रात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून ते मला जसे समजले तसे आधी मांडतो. आपण कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळच्या टेकड्यांत राहता. घरामागे अर्धा वाळलेला एक जुना ओक आहे आणि त्याच्या खोडावर हजारो बारीक भोके असून बहुतेकांत ओकची फळे, म्हणजे एकॉर्न, ठोकून बसवलेली आहेत. त्याच झाडाच्या वरच्या वाळक्या फांदीत एक मोठे भोक आहे आणि मे महिन्यात सहा-सात पक्षी आळीपाळीने त्यात शिरताना आपल्याला दिसले. ही सगळी भोके घरटी आहेत का, त्या सहा-सातांतले आईबाप कोणते, दापोलीला आजीच्या वाडीत नारळावर दिसणारा सुतार पक्षीही असेच करतो का, आणि शेजारी हे झाड तोडायचे म्हणतात त्याचे काय करावे, असे आपण विचारले आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर सुतार पक्ष्यांच्या ढोल्या मी तीसेक वर्षे पाहत आलो आहे. गेली सहा वर्षे शरद आणि वसंत ऋतूत काही आठवडे मी मुलीकडे कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात असतो, तेव्हा आपण पाहता तोच पक्षी मीही पाहतो. त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

आपला पक्षी एकॉर्न सुतार आहे, यात मला शंका वाटत नाही. काळी पाठ, डोक्यावर लाल टोपी, पांढरा डोळा आणि घोगऱ्या आवाजातली ‘वाका-वाका’ अशी एकसारखी ओरड एवढ्या खुणा पुरेशा आहेत. नर आणि मादी ओळखण्यासाठी कपाळ नीट पाहावे. नराची लाल टोपी पांढऱ्या कपाळाला थेट भिडते, तर मादीच्या टोपीच्या आणि कपाळाच्या मध्ये काळी पट्टी असते. हा फरक साध्या दुर्बिणीतून सहज दिसतो आणि पुढे घरट्याची नोंद ठेवताना त्याचा फार उपयोग होतो, म्हणून आधी आठवडाभर केवळ नर-मादी ओळखण्याचाच सराव करावा, असे मी सुचवीन.

आता भोकांविषयी. बारीक भोके म्हणजे कोठार आणि मोठे भोक म्हणजे घर. कोठाराचे भोक जेमतेम बोटाचे टोक जाईल एवढे असते आणि फार तर एका फळाच्या लांबीइतके खोल. ढोलीचे तोंड लहान मुलाची मूठ जाईल एवढे गोल असते. ते सहसा वाळलेल्या फांदीत असते आणि आत पोकळी खाली उतरत जाते. कोठाराची भोके जाड मृत सालीत किंवा वाळक्या लाकडात केलेली असतात, सालीखालच्या जिवंत थरापर्यंत ती बहुधा पोहोचत नाहीत, त्यामुळे या भोकांनी झाड वाळले हा आपल्या शेजाऱ्यांचा समज बरोबर नाही. झाड आपल्या कारणाने वाळले आणि वाळलेला भाग पक्ष्यांनी वापरायला घेतला, असा तो क्रम आहे.

हे कोठार एका पक्ष्याचे नसते आणि एका वर्षाचेही नसते. एक भोक पाडायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. हे काम मुख्यतः हिवाळ्यात चालते आणि एक कुटुंब वर्षाकाठी काही शे भोकांची भर घालते. वर्षाला तीन-चारशे भोके धरली, तरी चार हजारांचे कोठार उभे राहायला दहा वर्षे लागतात, आणि काही झाडांवर तर पन्नास हजारांपर्यंत भोके असल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे आपल्या घरामागचे झाड हे आज त्यावर बसलेल्या पक्ष्यांना त्यांच्या आधीच्या पिढ्यांकडून मिळालेले आहे. जुन्या वाड्यांत भिंतीतले बळद पिढ्यान्पिढ्या तेच असे, त्यात धान्य तेवढे दरवर्षी नवे पडे, त्यासारखीच ही व्यवस्था आहे.

साठवण पाहायची असेल तर सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत सकाळचे पहिले दोन तास राखून ठेवावेत. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी एका मादीच्या मागे चाळीस मिनिटे नजर ठेवून होतो, ते दृश्य सविस्तर सांगतो. तिने शेजारच्या ओकच्या शेंड्यावरून एक फळ खुडले, त्याची वाटी काढून टाकली आणि ते चोचीत धरून कोठाराच्या खोडावर आली. पहिल्या भोकात फळ टोकाकडून घातले, दोनदा ठोकले, ते सैल बसते आहे असे दिसताच उपसून काढले. दुसऱ्या भोकात ते अर्धेच गेले. तिसऱ्या भोकापाशी तिने फळ बाजूच्या सालीच्या खाचेत क्षणभर अडकवून ठेवले, भोकातला भुसा चोचीने उपसला, मग फळ पुन्हा उचलून बसवले आणि सात-आठ घाव घालून पार सालीच्या पातळीत आणले. एका फळासाठी एवढा खटाटोप! पण त्यात अर्थ आहे, कारण सैल बसलेले फळ ‘जे’ नावाचा निळा पक्षी किंवा खार सहज काढून नेते आणि घट्ट बसलेले काढायला सुताराचीच चोच लागते.

हे काम एकदा करून संपत नाही. फळ वाळले की आकसते आणि भोकात खुळखुळू लागते. मग हिवाळाभर कुटुंबातले पक्षी फेरी मारून फळे चोचीने चाचपतात, सैल झालेली काढून लहान भोकांत हलवतात आणि रिकाम्या झालेल्या मोठ्या भोकांत नवी ताजी फळे येतात. डिसेंबरमध्ये आपल्याला पक्षी एक फळ काढून दुसरीकडे ठोकताना दिसला, तर तो खाण्याऐवजी साठ्याची देखभाल करतो आहे असे समजावे आणि वहीत तसेच लिहावे. कोणी ना कोणी जवळच्या उंच फांदीवर राखण करत बसलेला असतो आणि खार खोडाला लागली की चार जण तिच्यावर धावून जातात, हेही आपण पाहिले असेल.

पूर्वी असा एक समज होता की हे पक्षी फळांसाठी नव्हे, तर फळांत पडणाऱ्या अळ्यांसाठी साठवण करतात. प्रत्यक्षात ते फळाचा गरच खातात. मात्र एकॉर्नमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य असते आणि प्रथिने कमी असतात, म्हणून केवळ त्यावर पक्षी फार काळ चांगला राहत नाही. मिळतील तेव्हा हवेतले किडे टिपणे त्यांना अधिक पसंत असते आणि पिल्लांना भरवायला तर मुख्यतः किडेच लागतात. येथे साठ्याचा आणि घरट्याचा खरा संबंध लक्षात येतो. मोठ्यांनी आपले पोट साठ्यावर भागवले, तर त्यांनी पकडलेले किडे पिल्लांच्या वाट्याला येतात. ज्या कुटुंबाच्या कोठारात वसंत ऋतूपर्यंत फळे शिल्लक राहतात, त्याची वीण अधिक यशस्वी होते, आणि ओकचे पीक बुडून कोठार हिवाळ्यातच रिते झाले तर कुटुंब कधीकधी जागा सोडून जाते. उलट पीक उदंड आले तर काही जोड्या शरद ऋतूतही पुन्हा अंडी घालतात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की कोठार आणि ढोली यांच्या नोंदी दोन वेगळ्या वह्यांत ठेवू नयेत. ते एकच घर आहे, आणि कोठाराचा अंदाज घेतल्याशिवाय ढोलीत जे घडते त्याचा उलगडा होत नाही.

आपल्या भागात ओकच्या कोणत्या जाती आहेत तेही लिहून ठेवावे. व्हॅली ओक, ब्लू ओक आणि कोस्ट लाइव्ह ओक यांची फळे एका वर्षात पिकतात, ब्लॅक ओकच्या फळांना दोन वर्षे लागतात. एक जात एखाद्या साली फळली नाही, तरी दुसरी हात देते, आणि म्हणून अनेक जातींचे ओक एकत्र असतील तेथे या पक्ष्यांचा जम चांगला बसतो.

आता आईबापांचा प्रश्न. आपण पाहिलेले सहा-सात पक्षी हे बहुधा एकच कुटुंब आहे, परंतु त्यात एकच जोडपे आहे असे गृहीत धरू नये. एका कुटुंबात वीण करणारे नर एकाहून अधिक असू शकतात आणि ते बहुधा भाऊ-भाऊ किंवा बाप-लेक असतात. माद्याही दोन किंवा तीन असू शकतात, त्या बहिणी किंवा मायलेकी असतात आणि सगळ्या एकाच ढोलीत अंडी घालतात. त्यांच्याबरोबर आधीच्या वर्षांतली मुले मदतनीस म्हणून राहतात, ती स्वतः वीण न करता धाकट्या भावंडांना भरवतात. जवळच्या रक्ताच्या नात्यातल्या पक्ष्याशी वीण करायची नाही, हा दंडक ते सहसा पाळतात. या सहकारात एक कठोर भागही आहे. दोन माद्या एकत्र अंडी घालतात तेव्हा जिने अजून सुरुवात केलेली नाही ती दुसरीचे अंडे ढोलीतून काढून टाकते, आणि दोघींची अंडी एकाच वेळी येऊ लागेपर्यंत हे चालते. अशा सामायिक ढोल्यांत घातलेल्या अंड्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक अंडी या प्रकारे नष्ट होतात. आपल्याला एखादा पक्षी ढोलीतून अंडे घेऊन बाहेर येताना आणि ते फांदीच्या बेचक्यात ठेवून इतरांसह खाताना दिसला, तर तो शत्रू होता असा निष्कर्ष काढू नये. ती घरचीच मादी असण्याचा संभव मोठा आहे.

ही माहिती एका-दोघांच्या निरीक्षणातून आलेली नाही. कार्मेल व्हॅलीच्या वरच्या अंगाला कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हेस्टिंग्ज संशोधन क्षेत्र आहे. तेथे मायकेल आणि बार्बरा मॅकरॉबर्ट्स यांनी १९६८ मध्ये या पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे वॉल्टर कोनिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अनेक दशके चालवला. पक्ष्यांच्या पायांत रंगीत कड्या घातल्यामुळे कोण कोणाचा मुलगा आणि कोण कोठून आला हे पिढ्यान्पिढ्या नोंदले गेले. या कामात साहस बर्वे या मुंबईकर पक्षिशास्त्रज्ञाचाही मोठा वाटा आहे, याचा मला मराठी माणूस म्हणून आनंद वाटतो. एखाद्या कुटुंबातल्या वीण करणाऱ्या माद्या किंवा नर मेले की त्या जागेसाठी इतर कुटुंबांतल्या भावंडांचे गट येऊन लढतात. बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या अंगावर सौर ऊर्जेवर चालणारे हलके रेडिओ यंत्र बसवून या लढाया अभ्यासल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले की काही गट सलग चार दिवस, दिवसाचे दहा-दहा तास लढत राहतात. लढाईशी संबंध नसलेले पक्षीही तीन किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून केवळ ती पाहायला येतात. आपल्या झाडावर एखाद्या दिवशी अचानक वीस-पंचवीस पक्षी जमून पंख पसरून आरडाओरडा करताना दिसले, तर त्या दिवशी बाकीची कामे बाजूला ठेवून ते पाहावे. भरलेले कोठार असलेली जागा मोकळी होणे ही त्यांच्या जगात फार मोठी घटना आहे.

ढोलीचे निरीक्षण कसे करावे, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे चुका फार होतात. माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात एका वाळक्या पांगाऱ्यात सोनपाठी सुतार रोज संध्याकाळी शिरताना पाहून मी ते घरटे समजलो आणि तीन आठवडे ‘अंडी उबवत आहे’ अशी नोंद करत राहिलो. तो पक्षी केवळ रात्रीच्या मुक्कामाला येत होता. खरे घरटे साठ पावलांवरच्या नारळात होते, आणि मी ते पाहिले तेव्हा पिल्ले उडायच्या बेतात होती. मी आत शिरणारा पक्षी पाहिला आणि अंडी मनाने लिहिली. तेव्हापासून वहीच्या डाव्या पानावर फक्त जे दिसले ते, आणि उजव्या पानावर त्यावरून केलेला तर्क, अशी शिस्त मी पाळत आलो आहे. आपणही ती पाळावी.

मुक्कामाची ढोली आणि घरटे यांतला फरक दिवसा कळतो. मुक्कामाच्या ढोलीकडे दुपारी कोणी फिरकत नाही. अंडी असतील तर दिवसभर पाळी बदलत राहते, म्हणजे एक पक्षी येऊन तोंडाशी थांबतो, आतला बाहेर पडतो आणि आलेला आत जातो. येणाऱ्याची चोच रिकामी असते. रात्री उबवायला सुतार पक्ष्यांत सहसा नर बसतो. एकॉर्न सुताराची अंडी अकरा दिवसांच्या आसपास फुटतात, आणि फुटल्याची पहिली खूण म्हणजे चोचीत किडे घेऊन येणारे पक्षी. लहान पिल्ले असताना मोठा पक्षी पूर्ण आत शिरतो. पिल्ले वाढली की तो तोंडाशी लटकूनच भरवतो, आणि परत जाताना विष्ठा चोचीत धरून नेतो. पुढे आतली किलबिल खालीसुद्धा ऐकू येते, मग पिल्लांची डोकी तोंडाशी दिसू लागतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून साधारण तीस दिवसांनी पिल्ले ढोली सोडतात. प्रत्येक फेरीला वेळ, पक्षी नर की मादी, चोचीत काय, कोणत्या दिशेने आला आणि कोठे गेला, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. पाचवी गोष्ट लोक वगळतात, पण भरवून निघालेला पक्षी थेट कोठारावर जाऊन स्वतः फळ फोडून खातो का, हे तिच्यातूनच कळते.

अंतर किमान वीस-पंचवीस मीटर ठेवावे आणि रोज एकाच ठिकाणी बसावे. आपण बसल्यावर चोचीत किडे असलेला पक्षी ढोलीकडे न जाता लांबच्या फांदीवर ओरडत राहिला, तर आपण फार जवळ आहोत, आणखी मागे सरावे. खोड ठोकून पाहणे, मोबाईलवरून ओरड वाजवून पक्ष्याला बोलावणे, ढोलीत कॅमेरा घालणे, चांगल्या छायाचित्रासाठी समोरची डहाळी मोडणे, हे काहीही करू नये. ती डहाळीच कित्येकदा ढोलीला ससाण्याच्या नजरेपासून झाकत असते.

दापोलीचा आपला पक्षी बहुधा सोनपाठी सुतारच. तो साठवण करत नाही, आणि भारतातल्या कोणत्याही सुतार पक्ष्यात असे कोठार राखण्याची सवय आढळत नाही. हिमालयात ओकची जंगले आहेत आणि तेथे सुतारही आहेत, परंतु अशी भोकांची झाडे तेथेही नाहीत. मला याचे कारण आहारात दिसते. आपले सुतार मुख्यतः मुंग्या, वाळवी आणि लाकडातल्या अळ्यांवर जगतात. त्या बारा महिने कमीअधिक मिळतात, आणि साठवून ठेवाव्यात तर आपल्या पावसाळ्यात चार दिवसही टिकणार नाहीत. एकॉर्न मात्र कोरड्या कवचात महिनोन्‌महिने राहते. अमेरिकेतही साठवणीची ही सवय मुख्यतः एकॉर्न सुताराच्या गोतावळ्यातच दिसते. त्याचा नातलग लुइस सुतार फळांचे तुकडे झाडाच्या नैसर्गिक भेगांत कोंबतो आणि लालडोक्या सुतार आपला साठा लाकडाच्या ढलप्यांनी झाकूनही ठेवतो.

घरट्याच्या बाबतीत मात्र आपले सुतार पाहण्यासारखे आहेत. सोनपाठी सुतार फेब्रुवारी ते जुलै या काळात वीण करतो, दोन-तीन पांढरी चकचकीत अंडी घालतो आणि त्याची पिल्ले वीसेक दिवसांतच ढोली सोडतात. तांबूस सुतार तर झाडावरच्या मुंग्यांच्या जिवंत वारुळातच ढोली करतो. ज्या मुंग्या तो खातो त्यांच्याच घरात त्याची पिल्ले वाढतात, आणि हे मी तिलारीच्या बाजूला प्रत्यक्ष पाहिले नसते तर मला ते पटायला वेळ लागला असता. आणखी एक साम्य दोन्ही देशांत आहे. सुताराने सोडलेली ढोली रिकामी राहत नाही. कोकणात तीत पोपट, साळुंकी, दयाळ नाहीतर पिंगळा येतो. कॅलिफोर्नियात युरोपातून आणलेल्या स्टार्लिंग पक्ष्यांनी तर सुतार राहत असतानाच ढोली बळकावल्याचे आपल्याला दिसेल.

राहिला झाडाचा प्रश्न. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने या पक्ष्यांना, त्यांच्या अंड्यांना आणि वापरात असलेल्या घरट्यांना संरक्षण आहे, त्यामुळे पिल्ले असताना झाड पाडणे हा गुन्हा ठरू शकतो, हे शेजाऱ्यांना शांतपणे सांगावे. झाड घरावर पडण्याचा धोका खरोखरच असेल, तर जाणकार वृक्षतज्ज्ञाला दाखवून धोक्याच्या फांद्या तेवढ्या उतरवाव्यात आणि कोठाराचे मुख्य खोड सुरक्षित उंचीपर्यंत उभे ठेवावे. हे काम उन्हाळा संपता संपता, पिल्ले उडून गेल्यावर आणि नवी फळे पिकण्यापूर्वी करावे. त्या वेळी कोठारही बहुधा सर्वांत रिकामे असते. तरीही आधी चार-पाच दिवस दिवसभर ढोलीवर नजर ठेवून शरद ऋतूची वीण सुरू झालेली नाही, याची खात्री करून घ्यावी.

शेजाऱ्यांना आणखी एक गोष्ट पटेल असे वाटते. कोठार पाडले की कुटुंब जवळपास नवी जागा शोधते, आणि घराच्या लाकडी भिंती त्यांना वाळक्या झाडासारख्याच वाटतात. भिंतीत भोक आरपार गेले की फळ आतल्या पोकळीत पडते, भोक रिकामे दिसते, आणि पक्षी त्यात पुन्हा फळ टाकतो. सोनोमा परगण्यातल्या एका घराच्या भिंतींमागून काही वर्षांपूर्वी तीनशे किलोहून अधिक एकॉर्न निघाले होते. ती सगळी मेहनत पक्ष्यांच्याही उपयोगाला आली नाही आणि घरमालकाच्या भिंतीही उघडाव्या लागल्या. आपल्या घराच्या लाकडात आतापर्यंत एखाददुसरे भोक पडले असेल तर ते आत पक्षी किंवा पिल्लू नाही याची खात्री करून बुजवावे आणि वर धातूचा पत्रा ठोकावा. खोड मात्र ठेवावे, आणि या सप्टेंबरपासून त्याच्या एका ठरावीक, हातभर चौरस भागातली भरलेली आणि रिकामी भोके दर पंधरा दिवसांनी मोजून लिहावीत. मार्चमध्ये तो आकडा मला कळवावा, म्हणजे मे महिन्यात ढोलीत किती धावपळ होईल याचा अंदाज आपण दोघे मिळून बांधू.